सहीखालचे दोन ठिपके

१४ जुलै, रविवार

ती. बाबांना सा. न.

मी नीट पोचले. खोली मिळाली, जेवण बरं आहे. आईला सांगा, उशी विसरले नाही. खोलीतली दुसरी मुलगी झोपेत पाढे म्हणते, बाकी चांगली आहे.

पाकिटावरचा पत्ता तुम्ही दोनदा वाचला असणार. बरोबर वाचलात. मी मोठ्या कॉलेजात नाही. बस त्याच्या कमानीसमोर थांबली तेव्हा मी उतरले नाही, चार थांबे पुढे आले. फोनवर तुम्ही माझं वाक्य पुरं होऊ देत नाही, म्हणून हे पत्र.

भूगर्भशास्त्राच्या यादीत तिथे माझा नंबर लागला नाही. मिळत होतं ते संख्याशास्त्र. तुम्ही म्हणालात, "आधी दारात पाय तर ठेव, खोली नंतर बदलता येते." मी तिथल्या कारकुनाला विचारलं. तो म्हणाला, "बाई, इथे खोली बदलून मिळत नाही." या कॉलेजात भूगर्भशास्त्र मिळालं, मला दगडच शिकायचे आहेत. छताला ओल आहे, आणि दारावरच्या पाटीची अक्षरं इतकी वाकडी आहेत की तुम्ही शिडी आणि ब्रश मागाल. पण पहिल्याच तासाला सरांनी माझ्या हातात दगड दिला आणि विचारलं, "हा कुठून आला असेल?" मी म्हटलं, नदीतून, कडा झिजल्यात. त्यांनी मला पुढच्या बाकावर बसवलं.

मामा म्हणेल, कॉलेजचं नाव जन्मभर पुरतं. त्याला सांगा, विषयसुद्धा जन्मभर पुरायला हवा.

आजोबांनी तुम्हाला मोठ्या छापखान्यात चिकटवलं होतं, गठ्ठे बांधायला. तिसऱ्या दिवशी तुम्ही घरी आलात आणि म्हणालात, "ब्रश हातात देणार नसतील तर छापखाना कितीही मोठा असो." हे तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला रंगवून सांगता. मी लहानपणापासून ऐकत आलेय, आणि मला ते खरं वाटलं. यात माझं काय चुकलं?

राग आहे तो आपल्या दुकानावरच्या पाटीचा. गिऱ्हाइकाची पाटी तुम्ही आधी खडूने काढता, त्याच्याकडून वाचून घेता, मगच रंगाचा डबा उघडता. यादी लागली त्या संध्याकाळी दुकानावर माझं नाव आणि त्याखाली मोठ्या कॉलेजचं नाव थेट लाल रंगात लिहिलंत. साऱ्या गल्लीने वाचलं. मला तेवढं विचारलं नाहीत.

आता राहिलेलं सांगते. मागच्या सोमवारी कागदपत्रं द्यायला आले होते, तेव्हाच मी तिथली जागा सोडली. अर्जावर पालकांची सही लागत होती. ती मी केली. खालची रेघ, रेघेखालचे दोन ठिपके, सगळं हुबेहूब. पाच वर्षांची असल्यापासून तुमच्या पाट्यांवरचे ठिपके मीच देत आले, म्हणून तर मला ठिपका म्हणता; हात तुम्हीच वळवलात. कारकुनाने मान वर करूनही पाहिलं नाही.

सही करणं चूक होतं. त्याबद्दल काय बोलायचं ते बोला, मान खाली घालून ऐकेन. जागा सोडल्याबद्दल एक शब्दही ऐकणार नाही.

ती पाटी पुसा. नवी लिहावीशी वाटली तर आधी खडूने काढा आणि माझ्याकडून वाचून घ्या.

तुमच्यावरच गेलेली,
ठिपका

ही सही माझी आहे. खाली रेघ नाही.