काउंटरखालचा पुरावा

३ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या चष्म्यांच्या दुकानात हातोडा घेऊन शिरलेला चोर तुरुंगात गेला. परंतु दाराची घंटी वाजली की तू अजूनही काउंटरखाली शिरतेस, असे तुझ्या लेकीने कळवले. गिऱ्हाईक रिकाम्या दुकानाला हाका मारून परत जाते म्हणे. अशाने दुकान बंद पडेल. गुन्ह्यामुळे मनाला झालेल्या इजेचीही सरकार भरपाई देते. त्यातून तुझे उपचार होतील. अर्ज मी लिहिला आहे. आयुष्यभर मी तर्कशास्त्र शिकवले, तेव्हा तो अभेद्य आहे. तू सरकारी मानसतज्ज्ञांपुढे केवळ खरे सांग.

मायेच्या बाबतीत पक्षपाती,
दादा

१७ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

डॉक्टर फार सज्जन. चेहरा उतरलेला दिसला, म्हणून आधी त्यांचीच विचारपूस केली. सासूबाई मुक्कामाला आल्यापासून बिचाऱ्यांना झोप नाही. पूर्ण वेळ मीच त्यांचे ऐकून घेतले, धीर दिला. निघताना त्यांनी माझे विचारले; मी सवयीने मजेत आहे म्हटले. अहवालात त्यांनी माझी मनःशक्ती असामान्य ठरवली. अर्ज नामंजूर.

लोभ थोडा तरी शिल्लक ठेव.
धाकटी

२० मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

दुसऱ्याला धीर देणारा स्वतः घाबरलेला नसतो, असे अहवालाचे गृहीतक आहे. या न्यायाने न्हाव्याला स्वतःचे केस कापता यायला हवेत! अपील पाठवले आहे. सुनावणीत ते लेकीला वाचू दे. अधिकाऱ्यांच्या घरी कोण मुक्कामाला आहे, याची चौकशी कृपया करू नकोस.

संतापातही तुझाच,
दादा

२ एप्रिल

ती. दादास सा. न. वि. वि.

लेक वाचत होती, अधिकारी जांभया देत होते. तेवढ्यात चहा मागवण्यासाठी त्यांनी टेबलावरची घंटी वाजवली. मी टेबलाखाली! त्यांना वर कसे सोडू? बाही धरून त्यांनाही खाली ओढले आणि तोंड दाबून श्वास रोखायला सांगितले. मग त्यांनी हळूच विचारले, त्या दिवशी काय झाले. दादा, तिथे मी पहिल्यांदाच सगळे सांगितले आणि खूप रडले. भरपाई मंजूर झाली. उपचार सोमवारपासून.

तुझ्या शाबासकीच्या प्रतीक्षेत,
धाकटी

५ एप्रिल

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद आणि शाबासकी.

माझा युक्तिवाद निर्दोषच होता. फक्त तो टेबलाच्या वर होता. सोमवारी सोबत येतो. बाहेर बसेन, बोलणार नाही.

लोभ आहे, तो सिद्ध करण्याची आवश्यकता नाही.
दादा