पिसे काढायच्या यंत्रातल्या रुळाबाबत

मी, बाबनराव दादाजी हेडाऊ, वय वर्षे एकसष्ट, धंदा आधी विणकाम, मग गिरणीत फिटर, सध्या सावजी खानावळ, राहणार तांडापेठ, नागपूर, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाने नव्हे तर आपल्या मर्जीने, आपल्याच हाताने लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे. माझी पत्नी सौ. कुसुमावती हिचे मत वेगळे आहे, पण ते लग्नापासूनचे असल्यामुळे येथे धरू नये. हृदयाने मात्र दोनदा दगा दिला आहे आणि पुढचा झटका विचारून येणार नाही, म्हणून ही लिखापढी.

मधुसूदनराव वकिलांनी नमुना करून दिला होता. त्यात मिळकतीपुरतीच जागा सोडली होती. ती मला पुरली नाही, त्यांनी राग मानू नये.

कलम १. तांडापेठेतील राहते घर कुसुमावतीचे. तिच्या पश्चात मुलगा मुकुंद याचे. तोवर मुकुंदाने आणि सुनेने तिला रोज "जेवल्या का" असे विचारावे. ही अट कायद्यात बसत नसली तरी माझ्या घरात बसते.

कलम २. खानावळ, भांडीकुंडी, पाटा-वरवंटा हेही तिचेच. मसाल्याचे प्रमाण तिने मला कधी सांगितले नाही, तेव्हा ते मी कोणाला देऊ शकत नाही. गिऱ्हाईक मला सेठ म्हणते आणि रस्सा तिच्या हातचा खाते. टपाल खात्यातली शिल्लकही तिचीच, त्यावर जास्त लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ३. माझी हत्यारे मुकुंदाची. त्यातले मोठे गिरमिट शेजारी चंपतराव यांच्याकडे आहे. त्यांनी ते एका दिवसासाठी नेले होते. ते आता त्यांनाच दिले असे समजावे, म्हणजे निदान मी मेल्यावर तरी ते चोर राहणार नाहीत.

कलम ४. बाबांच्या हातची, करवती काठाच्या अपुऱ्या लुगड्याची घडी माझ्या पेटीत कडुनिंबाच्या पाल्यात ठेवली आहे. ती माझी पुतणी शामला हिला द्यावी. ती अपुरी का, ते पुढच्या कलमात.

कलम ५. कोंबडीची पिसे काढायचे यंत्र. हे मी कसे केले ते लिहिणे भाग आहे, कारण लोक त्यापायी मला हुशार म्हणतात आणि ते ऐकले की माझी मान खाली जाते.

श्रावण लागला की आमची चूल महिनाभर थंड. म्हणून आखाडातल्या शेवटच्या रविवारी गिऱ्हाईक नुसते तुटून पडते. कोंबडी कढत पाण्यात बुडवायची आणि गरम आहे तोवर पिसे उपटायची, निवली की पिसे चिकटून बसतात. हे काम कुसुमावती करी. तिच्या बोटांची सालपटे निघत आणि त्याच हातांनी ती मिरची वाटे. एकदा भाकरी थापता थापता तिने हात मागे ओढला. मी पाहिले तर म्हणाली, "काही नाही जी, जरासं चुरचुरून राहिलं." गिरणीतली एवढाली यंत्रे दुरुस्त केलेला मी, मला लाज वाटली.

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. कल्पना साधी होती. फिरत्या रुळाला रबराची बोटे लावायची आणि कोंबडी त्यावर धरायची. पहिला रूळ डालड्याच्या डब्यांचा केला, तो चेपला. दुसरा बाभळीचा केला, लाकूड ओले निघाले, भोके पाडता पाडता उभे तडकले. टायरची बोटे लावली तर कोंबडीचे पंख मोडले, सायकलच्या ट्यूबची लावली तर कोंबडीला नुसत्या गुदगुल्या. पिसे उडून चंपतरावांच्या वाळवणावर पडली तेव्हा ते भिंतीपलीकडून ओरडले, "बाबनराव, आमच्या पापडाले पंख फुटले ना गा!" शेवटी ट्रॅक्टरच्या ट्यूबच्या जाड पट्ट्या बरोबर बसल्या. पिठाच्या चक्कीची जुनी मोटर मिळाली. अडले ते रुळापाशी. मुरलेले, सरळ, फिरताना न डुलणारे सागवान पाहिजे होते, आणि आखाडातला रविवार दुसऱ्या दिवशी होता.

तसा रूळ घरातच होता. मागच्या खोलीत बाबांचा माग होता आणि विणलेले कापड ज्यावर गुंडाळतात तो त्याचा रूळ आजोबांच्या वेळचा. बाबा आदल्या वर्षी गेले होते. शामला ही माझे थोरले बंधू नत्थूजी यांची मुलगी. तिच्या लग्नासाठी बाबा लुगडे विणत होते, ते अर्धे राहिले. आमच्या घरची रीत अशी, की विणकर गेला तर त्याच्या मागावरचा ताणा, म्हणजे ताणलेले उभे धागे, दुसऱ्याने विणून पुरा करायचा नाही. भाऊ तेव्हा आमच्यातच राहत, पण त्या दिवशी शामलाच्या सोयरिकीच्या बोलणीला उमरेडला गेले होते. हे कापड आता कोणी विणणार नाही असे म्हणून मी ताण्याला कात्री लावली आणि रूळ काढून घेतला.

घरात सगळे म्हणतात, बाबनरावांची चूक झाली. चूक नव्हती. कात्री लावण्याआधी मी रुळावर हात ठेवला होता. गुंडाळलेले कापड हाताला जाड लागले. बाबा गेले तेव्हा ते एवढे नव्हते. विणकराच्या पोराला हे डोळे मिटूनही कळते. कोणीतरी पुढे विणत होते आणि आमच्या घरात विणणारे दुसरे होतेच कोण? मला कळले. पण मोटर तयार होती, कोंबड्या खुराड्यात होत्या, उद्या रविवार होता. मी कापले.

भाऊ रीत मोडून, दार लोटून, बापाचे लुगडे मुलीसाठी पुरे करत होते. हातभर उरले होते.

ते परत आले आणि मागाजवळ उभे राहिले. म्हणाले, "बाबन्या, हे काहून केलं गा?"

मी म्हणालो, "मले वाटलं, बाचं अर्धं राहिलेलं आहे."

 त्यांनी कापडाची घडी माझ्या उंबऱ्यावर ठेवली आणि पुढे बिऱ्हाड उमरेडला हलवले. शामलाचे लग्न गांधीबागेतून विकत आणलेल्या लुगड्यावर झाले. मी अक्षता टाकून न जेवता परत आलो, कोणी थांबवले नाही. बिनरुळाचा माग भाऊंनी सोबत नेला. तो त्यांच्या ओसरीत तसाच उभा आहे असे शामला सांगते. त्यांनी कोळशाच्या खाणीवर चौकीदारी धरली. दुसरा रूळ कोणत्याही सुताराने करून दिला असता. त्यांनी केला नाही.

यंत्र मात्र झकास चालले, मेले बंदही पडत नाही. कुसुमावतीची बोटे बरी झाली, मुकुंदाचे लग्न यंत्राच्याच कमाईवर झाले. दसऱ्याला आम्ही तराजू, सुरे, पाटा, सगळ्यांची पूजा करतो. यंत्राला मी आजवर हळदकुंकू लावलेले नाही. कुसुमावतीने विचारले की सांगतो, ओले असते, गंज चढेल. लाकडाला कुठे गंज चढतो! पण बाबांच्या रुळावर कोंबडीचे रक्त आणि वर माझ्या हातचे कुंकू, हे माझ्याने होत नाही.

कलम ६. माझ्या मृत्यूनंतर यंत्र थांबवून रूळ काढावा, गरम पाण्याने स्वच्छ धुवावा आणि माझे बंधू नत्थूजी यांना उमरेडला नेऊन द्यावा. मुकुंदाने स्वतःचा रूळ करून घ्यावा. तो हो म्हणाला आहे, पण तो फार लवकर हो म्हणतो.

हे कलम कुसुमावतीला वाचून दाखवले तेव्हा ती भडकली. "वा जी! तुमचं मन हलकं होईन, अन् माहे हात पुन्हा कढत पाण्यात? पुण्य तुमचं, अन् फोडं माह्या बोटाले!" तिचे म्हणणे खरे आहे. भावाचे ओझे उतरवून मी ते बायकोच्या हातावर ठेवतो आहे. तरी कलम खोडले नाही. दोघांपैकी एकाचा अपराधी राहूनच मरायचे आहे, तर ज्याची क्षमा मागायचीही कधी हिंमत झाली नाही त्याचे ओझे आधी उतरवतो.

पुरवणी. सह्या व्हायच्या आधी आज जे घडले ते येथेच लिहितो.

ज्याला काही द्यायचे त्याची साक्ष घेऊ नये असा वकीलसाहेबांचा सल्ला होता. म्हणून साक्षीला त्यांचे कारकून आणि गोपाळराव मास्तर ठरले होते. भाऊंना फक्त कलम सहा ऐकायला निरोप धाडला होता. येतील असे वाटले नव्हते. शामला त्यांना एस.टी.ने घेऊन आली. फार वाळले आहेत.

मी कलम सहा वाचले. पाचवे वाचायची हिंमत झाली नाही. भाऊ उठले आणि मागे यंत्रापाशी गेले. बोटांच्या मधल्या लाकडावरून हात फिरवला. मग कुसुमावतीला म्हणाले, "हात दाखव वं." तिने डोक्यावर पदर घेऊन दोन्ही हात पुढे केले. त्यांनी लांबूनच पाहिले आणि मान हलवली.

बाहेर येऊन वकीलसाहेबांना विचारले, "ज्याले काही भेटते त्याची सही चालत नाही म्हणता ना?"

"न घेतलेली बरी, नत्थूजी."

"मंग आना पेन. माही सही घ्या."

मी म्हणालो, "भाऊ, अन् रूळ?"

"राहू दे. इथं फिरून तं राहिला. माह्या घरी नुसता उभा राहीन." पेन हातात धरून ते थांबले. "रूळ जाड लागला होता ना गा तुले, हाताले?"

 शामला तिथेच बसली होती, मुकुंद होता.

"लागला होता, भाऊ."

"मले माहीत होतं. तू म्हनशीन, एवढीच वाट पाहून राहिलो होतो." मग साक्षीदारांत आपले नाव लिहिता लिहिता, कागदावरून मान न उचलता म्हणाले, "दसऱ्याले त्याले हळदकुंकू लावजो. बाचा आहे."

सबब कलम सहा रद्द. रूळ यंत्रातच राहील आणि यंत्र कुसुमावतीचे. दसरा तोंडावर आला आहे. मन मोकळे झाले असे मी लिहिणार नाही. मी सात वर्षे एक शब्द गिळून बसलो आणि ते सात वर्षे तोच ऐकायला थांबले, हे कळल्यावर मन उलट जास्तच जड झाले आहे.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, म्हणून खाली सही करतो.

बाबनराव दादाजी हेडाऊ

साक्षीदार
१. गोपाळराव मास्तर, धंदा शिक्षक, रा. तांडापेठ, नागपूर
२. नत्थूजी दादाजी हेडाऊ, धंदा विणकाम (त्यांनी सांगितल्याप्रमाणे), रा. उमरेड

स्थळ : नागपूर
दिनांक : ४ ऑक्टोबर १९८१