लांब पट्टीचे नाव

मी, खाली सही करणारी, वय वर्षे ब्याऐंशी, धंदा पितळी पाट्या कोरणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा दाखला आमच्या डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. तो देण्यापूर्वी त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि तुमच्या दवाखान्याची पाटी काळी पडली आहे, ती पॉलिशला कधी टाकणार, हेही विचारले. त्यांनी लगेच दाखल्यावर शिक्का मारला.

वकीलसाहेबांचे म्हणणे असे, की लिहिणाऱ्याचे नाव पहिल्याच ओळीत हवे. मी त्यांना सांगितले, माझे नाव या कागदावर एकदाच येईल, शेवटी, सहीत, आणि पुरते येईल. ते नाव माझ्या आजीचे. ते इतके लांब आणि इतके जुने, की शाळेतल्या बाईंनी पहिल्याच दिवशी ते बाजूला ठेवले आणि मला बेबी केले. तेव्हापासून मी बेबी, मग बेबीताई, बेबीमावशी, आणि कवळी बसल्यावर बेबीआजी. बँकेतही बेबीच. माझे खरे नाव पुरते उच्चारणारा माणूस मला जन्मात एकच भेटला, आणि त्याच्याशी मी लग्न केले.

कलम १. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द करण्याबाबत.
मी मागच्या वर्षी केलेले मृत्युपत्र या लेखाने रद्द करते. एरवी हे कलम एका ओळीचे असते म्हणे. पण ते मृत्युपत्र मी का केले होते हे नातेवाइकांत चघळले जाते, तेव्हा एकदाचे माझ्याच तोंडून लिहिलेले बरे.

झाले असे. माझ्या मुलीची मुलगी, म्हणजे माझी नात, तेव्हा पोटुशी होती. एके दुपारी तिच्या नवऱ्याचा, आमच्या नातजावयाचा, दुकानात फोन आला.

"आजी, एक पाटी हवी होती. लांब पट्टीवर."

"नाव काय घालू?"

"तुमचंच. खरं नाव, पूर्ण. आडनाव नको. आणि हो, स्क्रूची भोकं पाडू नका."

"लावणार कुठे?"

"ते आत्ता नाही सांगता येत. वेळ आली की कळेलच तुम्हाला."

आता या धंद्यात केस पांढरे केलेल्या बाईने यातून काय समजावे? दारावरच्या पाटीला चार कोपऱ्यांत चार भोके लागतात. नुसते नाव, आडनाव नाही, भोकेही नाहीत, अशी लांब पाटी मी आयुष्यभर एकाच कामासाठी कोरत आले आहे. ती बागेतल्या दगडी बाकाला चिकटवतात, अमक्याच्या स्मरणार्थ म्हणून. माझ्या स्मरणार्थची पाटी, माझ्याच हयातीत, माझ्याकडूनच, आणि घरचे काम म्हणून तीही फुकटात! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी वकीलसाहेबांना बोलावले आणि माझे घर महापालिकेच्या बाग खात्याला लिहून दिले, म्हणजे नातजावयाला बाकांची टंचाई भासू नये. पाटी मात्र कोरली. रागाच्या भरात कोरली, पण हात राग ओळखत नाही. इतके नितळ काम माझ्या हातून कित्येक वर्षांत झाले नव्हते.

पुढे नात बाळंत झाली आणि मला प्रसूतिगृहात नेले. मुलगीच होणार असे नात धरून बसली होती म्हणे, आणि मुलगीच झाली होती. नात म्हणाली, "आजी, पाळण्याकडे बघ." पाळण्याला रिबिनीने माझी पाटी बांधलेली. पट्टी एवढी लांब, की दोन्ही बाजूंनी पाळण्याच्या बाहेर आलेली. तिच्याखाली मुठी आवळून माझ्या आजीचे नाव झोपले होते.

"अगं, हे कुठलं नाव ठेवलंस पोरीला?" मी म्हटले. "शाळेत हसतील."

"कोणी हसत नाही आता," नात म्हणाली. "आणि हसले तर हसू देत. तुला आठवतं, आजोबा तुला दुकानात हाक मारायचे? पूर्ण, सगळंच्या सगळं नाव, गाणं म्हटल्यासारखं. ते ऐकायला मी मुद्दाम शाळेतून वाट वाकडी करून दुकानात यायचे. ती हाक बंद झाली ते मला सोसलं नाही, आजी."

मी रडले. हे मृत्युपत्रात घालू नका, असे वकीलसाहेब म्हणतात. घाला, असे मी म्हणते. यांच्या माघारी ती हाक मलाही सोसेनाशी झाली होती, पण ती दुसऱ्या कोणाला आठवत असेल असे मला कधी वाटले नव्हते.

पाळण्याची पाटी असू शकते हे माझ्या डोक्यात का आले नाही, असे लोक विचारतात. पाळण्यासाठी लांब पट्टी एवढ्या वर्षांत कोणी मागितलीच नव्हती! चूक माझी नाही, ऑर्डर देणाऱ्याची आहे. बाग खात्याने मला माफ करावे.

कलम २. घर.
दुकान आणि दुकानावरच्या दोन खोल्या मी नातीला देत आहे. ती नवरा-मुलीसह तिथेच राहायला आली आहे, आणि ऑफिसातून आली की माझ्या शेजारी बसून छिन्नी धरायला शिकते आहे. माझ्या मुलीला त्या घरात केव्हाही, कितीही दिवस राहण्याचा हक्क आहे. बँकेतली शिल्लक सगळी मुलीची. तिने ती स्वतःवर उडवावी.

मुलीला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. तिच्या जन्माच्या वेळी मला हेच नाव ठेवायचे होते. घरादाराने नाके मुरडली, आणि त्या वर्षी ज्याची चलती होती ते छोटे, गोंडस नाव तिला मिळाले. तिच्या वर्गात त्याच नावाच्या पाच जणी निघाल्या. बाईंनी हाक मारली की पाचही उठायच्या. बाळा, माझा तेव्हा आवाज चढायला हवा होता. आता चढला आहे.

कलम ३. हत्यारे आणि लांब पट्ट्या.
छिन्न्या, हातोड्या, कानशी आणि टेबलाला बसवलेला, पट्टी आवळून धरणारा शिकंजा नातीचा. शिकंजा डावीकडे किंचित ओढतो. त्याच्याशी भांडू नये, पट्टीच थोडी उजवीकडे धरावी. मी संसारही याच पद्धतीने केला.

पलंगाखालच्या लांब पट्ट्याही तिच्याच. त्या यांनी घाऊक घेतल्या होत्या, आणि घेतल्या तशी नावे आखूड होऊ लागली. लोक दोन अक्षरांत मुले आटपू लागले. घाऊक व्यापाऱ्याने लांब माप कापणेच बंद केले. घरातल्या प्रत्येकाने मला सांगून पाहिले, की अर्ध्या तरी कर, नाहीतर भंगारात घाल. मी पलंग हलवू दिला नाही. आज तरुण आई-बाप दुकानात येतात, पणजीचे नाव सांगतात आणि घाबरत घाबरत विचारतात, "एवढं मोठं मावेल का हो?" मी पलंगाखाली हात घालते. डॉक्टरीणबाई सांगत होत्या, "वॉर्डात नावं वाचत गेलं की वाटतं, सगळ्या पणज्याच दुपट्यात निजल्यात." व्यापाऱ्याने मागच्या महिन्यापासून लांब माप पुन्हा कापायला घेतले आहे. मला विचारायला आला होता, माप नक्की किती असायचे. मी त्याला बसवून चहा पाजला आणि मग सांगितले.

अट एकच. उरलेली एकही पट्टी कोणासाठीही अर्धी करू नये.

कलम ४. जाऊबाई.
आमचे दुकान सुरू झाले तेव्हा यांनी पहिली पाटी कोरली ती माझ्या नावाची, नुसत्या नावाची, आणि घराच्या दाराला लावली. थोरल्या जाऊबाई घर बघायला आल्या, दारातच थांबल्या आणि चारचौघांत म्हणाल्या, "अगंबाई, हे नाव आहे की पत्ता?" सगळे हसले. मीही हसले, आणि ते हसू अजून माझ्या घशात आहे.

गेल्या महिन्यात जाऊबाईंचा फोन आला. आवाजात साखर. "बेबी, आमच्या नातसुनेला मुलगी झाली बघ. पोरं म्हणतायत, काकूआजीचंच नाव ठेवायचं. तुझी काही हरकत नाही ना गं?"

मी म्हटले, "हरकत कसली, जाऊबाई? पत्ता आहे तो. शोधत शोधत आलात ना शेवटी!"

त्या हसल्या, आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या फोनवर खोकला लागेपर्यंत हसलो. त्यांच्या पणतीसाठी मी पाटी कोरून ठेवली आहे, लांब पट्टीवर, भेट म्हणून. ती पोचती करावी. काही माणसांची देऊनच जिरवायची असते.

कलम ५. माझे नाव.
ही माझी खरी मिळकत. ती कोणाला द्यावी, की माझ्याबरोबरच संपू द्यावी, या घोराने मी म्हातारी झाले. आता ती देण्याचा प्रश्न उरलेला नाही. माझ्या पणतीने ती माझ्या डोळ्यांदेखत उचलली आहे. तिला कोणीही बेबी म्हणू नये. घरात एक बेबी पुरे.

पाळण्याच्या पाटीला मी नंतर चार कोपऱ्यांत चार भोके पाडून ठेवली आहेत. पोरगी मोठी होऊन आपले दार करील तेव्हा तिला लागतील.

कलम ६. माझ्या माघारी.
बागेत, रस्त्यावर किंवा कोठेही माझ्या स्मरणार्थ बाक बसवू नये. घराच्या दारावरची यांनी कोरलेली पाटी काढू नये. कोणी काढायला आलाच, तर त्याला सांगावे, की या नावाची व्यक्ती हयात आहे आणि येथेच राहते.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो माझाच आहे. वकीलसाहेब म्हणाले, बँकेत करता तशी आखूड सही चालेल. मला चालणार नाही.

सही : (पूर्ण नाव, एकही अक्षर न गाळता, ओळ पुरली नाही म्हणून समासात गेली आहे)

साक्षीदार : डॉक्टरीणबाई. सहीच्या वेळी हजर. पाटी पॉलिशला टाकली आहे.

साक्षीदार : शेजारचे बेकरीवाले. सही करतेवेळी बाळ त्यांच्या कडेवर होते.

स्थळ : दुकान, कामाचे टेबल, शिकंज्याच्या उजवीकडे.

दिनांक : वकीलसाहेबांच्या शिक्क्यात आहे तो. माझ्या हिशेबाने, माझे नाव पालथे पडायला शिकले त्याच्या दुसऱ्या दिवशी.