पडद्यावर माय, आवाज शेजारी

जळगाव,
वैशाख शुद्ध अष्टमी, आखाजीनंतरचा पाचवा दिवस

तीर्थरूप प्रेमराज दाजी यांस मेहुणा रुपचंद याचा नमस्कार. (साष्टांग घालणार होतो, पण टीव्हीमागच्या वायरी लावताना कंबर धरली आहे. तूर्त उभ्याउभ्याच घातला आहे असं समजावं.) धुळ्याला ऊन कसं आहे? तुमचं पोट कसं आहे? अक्का घरी नाही म्हणून दोन्ही वेळ हॉटेलची शेवभाजी चालली असेल, अशी इथं सर्वांची खात्री आहे. ती तर्री बेतानं घ्यावी. अक्काची तब्येत ठणठणीत आहे. ती मंगळवारी का परतली नाही हे तुम्ही फोनवर विचारलंत आणि मी 'आवाज तुटतोय' म्हणून फोन ठेवला. आवाज तुटत नव्हता. पण झालेला प्रकार फोनवर मावणारा नव्हता, म्हणून हे पत्र.

आखाजीच्या माहेरपणाला अक्का आली ती तुमच्या लग्नाची सीडी पिशवीत घालूनच. म्हणाली, रुपा, मला मायला बघायचंय. माय जाऊन अकरा वर्षं झाली. तिचे फोटो आहेत, पण हलणारी, बोलणारी माय फक्त त्या एका सीडीत आहे, हे तुम्हीही जाणता. आता अडचण अशी की आमच्या नव्या टीव्हीला सीडी घालायला जागाच नाही, आणि जुना प्लेअर आमच्या सौभाग्यवतींनी दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला दिला. (हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. नोंद म्हणून लिहितो.) अक्काचा चेहरा उतरला. मी म्हटलं, काळजी करू नकोस. ज्या माणसानं दीपनगरच्या वीजकेंद्रात, कंट्रोल रूममध्ये अठ्ठावीस वर्षं काढली, त्याला घरातला एक टीव्ही बोलता करता येत नसेल तर पेन्शन घेण्यात अर्थ नाही.

आमच्या चिरंजीव नवीनचा कॉलेजातला कॉम्प्युटर माळ्यावर पडून होता. त्यात सीडी चालते. मात्र तो सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात माणूस चाळीसगावला जाऊन यावा. आमच्या गल्लीतल्या समीक्षाताई पॉलिटेक्निकला कॉम्प्युटर शिकवतात. त्या म्हणाल्या, काका, यात लिनक्स टाका, जुनी मशीन पळायला लागतात, टीव्हीला जोडलंत की घरातच थिएटर. त्यांनी एक पेनड्राइव्ह दिला आणि संध्याकाळी येऊन सगळं करून देते म्हणाल्या. पण संध्याकाळपर्यंत थांबणं हे माझ्या स्वभावात नाही. मी दुपारी जेवण होताच हात घातला.

लिनक्स हा फार सभ्य गृहस्थ आहे, दाजी. प्रत्येक गोष्ट विचारून करतो. त्यानं विचारलं, या डिस्कवरचं सगळं पुसून टाकू का? मी 'हो' म्हटलं. त्यानं पुन्हा विचारलं, नक्की ना? मी शिफ्टमध्ये कधी एकच गोष्ट दोनदा विचारू दिली नाही, तेव्हा जरा जोरातच 'हो' दाबलं. त्यात नवीनचे चारही वर्षांचे प्रोजेक्ट आणि होस्टेलचे सगळे फोटो होते, हे नंतर ध्यानात आलं. त्याला अजून कळवलेलं नाही. नोकरी तर लागलीच आहे. पुढे पासवर्ड टाकायची वेळ आली, तर मी अक्षरं दाबतोय आणि पडद्यावर काहीच उमटत नाही! कीबोर्ड मेला म्हणून मी स्कूटरवर जाऊन नवा आणला. त्याचंही तेच. तो परत करून दुसरा आणला. शेवटी समीक्षाताईंना फोन केला, तेव्हा कळलं की लिनक्समध्ये तिथं पासवर्ड लिहिताना दिसतच नाही, आपण भरवशानं लिहायचा असतो. ही पद्धत मला एकदम पटली. (दोन कीबोर्ड जादा आहेत. हवा असल्यास कळवा.)

पाचच्या सुमारास चित्र आलं! आमच्या बेचाळीस इंची टीव्हीवर तुमचा मांडव, तुमचा तो टोपीतून निसटणारा केसांचा झुपका, सगळं स्वच्छ. फक्त आवाज नव्हता. यंत्रानं हवेतून जोडता येतील अशा स्पीकरांची यादी दाखवली, दोन नावं होती. आमचा स्पीकर छोटा, म्हणून मी मोठं दिसणारं नाव निवडलं. तरी घरात शांतता. अक्का म्हणाली, असू दे, मुकंच बघू. आणि तेवढ्यात पडद्यावर माय आली.

हिरवं लुगडं, हातात तांदळाचं ताट. कॅमेरावाल्याकडे बघून ती काहीतरी बोलत होती, ओठ हलत होते. अक्का टीव्हीच्या इतकी जवळ गेली की मला फक्त तिची पाठ दिसत होती. आणि दाजी, त्याच क्षणी भिंतीपलीकडून, शेजारच्या जीवराम आबांच्या घरातून, मायचा आवाज आला. "मन्हा फोटो काय काढी ऱ्हायना रे भाऊ, मन्ही पोरना काढ! ती चालनी आते!"

अक्का अनवाणी धावली. तापलेल्या फरशीवरून, डोक्यावरचा पदर सावरत, थेट आबांच्या घरात. मी मागे. तिथं आबांचे नवे जावई पहिल्या आखाजीला आलेले, ताटात आमरस आणि खापरावरची पुरणपोळी, आणि खिडकीत त्यांनीच सासऱ्यांना भेट दिलेला नवाकोरा स्पीकर, त्यातून तुमच्या लग्नाचा बँड जोरात वाजतोय. जावई घास हातात धरून बसलेले. अक्का त्या स्पीकरसमोर उभी राहून म्हणाली, "मन्ही माय कोठे शे?" आबांना वाटलं, बाईला ऊन लागलं. मी खुलासा करू लागलो, पण लिनक्स, हवा, यादी हे शब्द एका दमात सांगितल्यावर मलाही ऊन लागलंय असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी दोघांनाही पन्हं दिलं.

शेवटी जावईबापूंनीच मार्ग काढला. ताट बाजूला सारून त्यांनी स्पीकर उचलला आणि आमच्याकडे आणून टीव्हीखाली ठेवला. मागोमाग त्यांचं सगळं घर आलं. समीक्षाताईही पोहोचल्या. मग सर्वांनी मिळून तुमचं लग्न सुरुवातीपासून पाहिलं. माय अकरा सेकंद आहे. अक्कानं ती अकरा सेकंदं त्या दिवशी किती वेळा लावायला सांगितली ते मी मोजलं नाही. तिसऱ्या वेळी ती रडली. त्यानंतर मात्र हसायला लागली, कारण मायनं हाकललेला कॅमेरावाला घाईघाईनं वळला तो तुमच्याकडे, आणि तुम्ही अक्षता पडायच्या आधीच पेढा खात होतात.

थोडक्यात, यंत्र बसवणं संपूर्ण यशस्वी झालं आहे.

आपला,
रुपचंद

ता. क. : वर 'संपूर्ण' लिहिलं आहे, त्यात थोडी दुरुस्ती. सीडी यंत्रात अडकली आहे. चित्र चालतं, पण कप्पा उघडत नाही. समीक्षाताई म्हणतात, जोर लावू नका. मी आता लावत नाही.

ता. क. २ : आता खरं काम. लग्नाच्या मूळ कॅसेटी दोन होत्या. पहिलीची ही सीडी करून घेतली, पाठवणीची दुसरी तुमच्याकडे तशीच राहिली. जीपच्या दाराशी मायनं अक्काच्या कानात काहीतरी सांगितलं होतं, ते बँडच्या गोंगाटात तिला ऐकूच आलं नाही. कॅमेरा जवळ होता, त्यात कदाचित असेल. तुम्ही आजवर ती कॅसेट हरवली असं सांगत आलात. कृपया एकदा शोधून पाहावं. कॅसेट चालवण्याची सोय मी इथं करतो, ते मला अवघड नाही.

ता. क. ३ : अक्कानं पत्र वाचलं. खालची ओळ तिच्या हातची आहे. मी फक्त पेन दिला.

*कॅसेट हारपेल नही. तुम्हना लोखंडी कपाटमा, स्वेटरखाले शे. पाठवणीले मन्हापेक्षा तुम्हीच जास्त रडनात, ते माले तवयपासून माहीत शे. लाजू नका, कॅसेट लीसन आठे या. तवयलोंग मी येत नही.*