पश्याच्या बॅगेतले अनारसे

५ ऑक्टो., रवि.
पश्याचा व्हिसा आला. दुबई, आमच्याच कंपनीत. तो स्टोअरकीपर, एसीत बसणार. मी तीन वर्षं उन्हात एसीचे डक्ट चढवतोय. एकाच चाळीतले दोघं, त्याने आयटीआय केलं, मी सातवीत शाळा सोडली, एवढाच फरक. फोनवर म्हणे, "भावा, बॅगेत काय काय भरू? तू सांगशील तसं."
मी निघालेलो तेव्हा मला कोणी सांगितलेलं?

७ ऑक्टो.
सांगितलं तरी. पासपोर्ट-व्हिसाच्या झेरॉक्स दोन, एक माझ्या आईकडे ठेव (नाहीतरी पश्या तिथेच पडलेला असतो). गोळ्या पाकिटासकट, डॉक्टरची चिठ्ठी जोडून. एक जोडी कपडे हातातल्या बॅगेत. माझी बॅग दोन दिवस उशिरा आलेली, एकाच शर्टवर काढले. अनोळखी माणसाची पिशवी धरायची नाही, रडला तरी. बॅगेला लाल रिबीन बांध. सगळं लिहून घेतलं. शहाणा.

१० ऑक्टो.
आईचा व्हिडिओ कॉल. कोपरीच्या चाळीतल्या आमच्या खोलीत पश्या, खिडकीपाशी, माझ्या जागेवर. "रजा टाकून माझ्या डोळ्याचं ऑपरेशन करून आणलं रे त्याने." माहितीय. शंभरदा ऐकलं. मग म्हणाली, "तांदूळ भिजत घातलेत. त्याच्याबरोबर अनारसे पाठवते."
मी निघालेलो तेव्हा चिवडा. विकतचा.

१३ ऑक्टो.
परत कॉल. आई अनारसे थापतेय, खसखशीवर. पश्या मध्येच तोंड घालून, "रव्या, वास येतोय का तिथपर्यंत?" खसखस इथे बंद. अफूचं बी ना ते. इथल्या आमच्या खोलीतल्या सलीमला सुट्टीवरून परतताना मसाल्यातल्या मूठभर खसखशीपायी एअरपोर्टवरच धरलेला, नंतर थेट घरी पाठवला. यादीत टाकायचं राहिलंच माझं.
बोलणार, तेवढ्यात आई म्हणाली, "पश्या, पहिला तू खा. आता माझा लेक तूच."
कॉल कट केला. नंतर सांगितलं, नेटवर्क गेलं.

१४ ऑक्टो.
खसखशीचं नाही सांगितलं. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं. त्याला परत पाठवला तर पुन्हा आईपाशीच जाऊन बसणार. तेही नको. मग मला पाहिजे काय?

१५ ऑक्टो., बुध.
साईटवर पश्याचा मेसेज बघितला, अर्धा तास जुना. बॅगेचा फोटो, लाल रिबीन. "भावा, सगळं तू सांगितलेलं तसंच. विमानात बसलो. अनारशांचा डबा हातातल्या बॅगेत ठेवलाय, फुटायला नको. मावशीने मला दोनच दिले, बाकी सगळे रव्याचे म्हणाली. तू गेल्यापासून केलेच नव्हते तिने."

लगेच फोन लावला. बंद. व्हॉइस टाकला, "पश्या, डबा घेऊन खाली उतरू नको. विमानातल्या बाईला दे, टाकायला सांग. खसखस आहे त्यात. आईला मी बघतो." एक टिक.

पोट दुखतंय सांगून एअरपोर्टवर आलो. विमान उतरून तास झाला. लाल रिबीनवाल्या चार बॅगा बाहेर आल्या. माणसं दुसरीच.
आईचा फोन. "पोचला का रे पश्या? खाल्लास का तू?"
"बाहेर येतोय, आई."
दोन टिक झाल्यात. अजून निळ्या नाहीत.