वफ्ऱ्याच्या रस्त्याला कोकणी मेर

खैतान, कुवेत. शुक्रवार.
(बोटं अजून फावड्याच्या दांड्यावर असल्यासारखी वळलेलीच आहेत. अक्षर जमेल तसं लावून घ्यावं.)

तीर्थस्वरूप भावोजी यांस महादेवाचा साष्टांग नमस्कार. तुमच्या गुडघ्याला आराम असेल, द्वारकाआक्काचा खोकला गेला असेल आणि आमची दर्शना लग्नाच्या गडबडीत वेळेवर जेवत असेल, अशी आशा करतो. मी ठीक आहे. (ठीक नाही. पण पत्राची सुरुवात अशीच करायची असते. वडीलधाऱ्यांवर संतापायची आपल्या घरात रीत नाही. ती मी आजपासून पाडतो आहे. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून कागद; त्याचा फोटो काढून पाठवतो आहे.)

वफ्ऱ्याला एका मजऱ्यावर (म्हणजे अरबाच्या मळ्यावर) आम्ही घर बांधतो आहोत, हे तुम्हाला माहीत आहे. दारं-खिडक्या माझ्याकडे. सडकेपासून घरापर्यंत दोनशे पावलांचा कच्चा रस्ता. गेल्या महिन्यात वादळ झालं, रस्ता वाळूखाली गेला, आणि दुसऱ्या दिवशी वर पाऊस पडला. कोरडी वाळू निदान फावड्यावरून सुटते तरी. भिजलेली वाळू फावडं सोडत नाही आणि घमेलं उचललं की कंबर धरते. जेसीबी लावायचा नाही, कारण वीतभर खाली खजुरांच्या पाण्याचा पाइप आहे आणि तो एकदा आमच्याच हातून फुटलेला आहे. माझी दारं ट्रकमध्ये, ट्रक सडकेवर. सुपरवायझर अशरफने हिशेब सोपा करून सांगितला : "रोड क्लिअर, दरवाजा फिट, काम खलास, फिर तेरा इजाजा." इजाजा म्हणजे रजा. आई नसलेल्या माझ्या पोरीच्या लग्नात मी उभा असणार की नाही, ते त्या दोनशे पावलांवर आलं होतं.

मी आणि दोन हेल्पर, तीन दिवस उपसत होतो. वाळू लांब नेऊन पसरत होतो. बरं चाललं होतं हो! तेवढ्यात मला दुर्बुद्धी सुचली आणि मी तुम्हाला व्हिडिओ कॉल लावला. तुम्ही तीस वर्षं रस्त्याच्या कामावर मुकादम. (तो घाटातला रस्ता दर पावसाळ्यात खचायचा, हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं.) खुर्चीत बसून, चहा पीत तुम्ही म्हणालात, "अरे, रेती लांब खंय नेतंस? दोनी बाजूंक मेर घाल! गडगो असलो की रस्तो रवता." आणि मी गाढव! भातखाचराला घालतात तशी मेर घातली. कमरेएवढी, चोपून, वरून फावड्याने गुळगुळीत केलेली. हेल्परांना सांगितलं, बघा, कोकणातलं काम असं असतं.

कोकणात मेर पाणी अडवते, भावोजी. इथे पाणी नाही, वारा आहे. दोन दिवसांत ऊन पडलं, वारा सुटला, आणि जी वाळू रस्त्यावरून सरळ पलीकडे गेली असती ती तुमच्या मेरेने अडवली आणि सगळी मधे घातली. मी उपसली, मेर आणखी उंच केली. (तुमचाच हुकूम : "उंची कमी पडली आसतली.") पुन्हा भरली, वर पुन्हा पाऊस. तिसऱ्यांदा भरल्यावर मळ्याचा बांगलादेशी माळी जवळ आला आणि त्याने अगदी अदबीने विचारलं की भिंती काढल्या तर चालतील का. मी खेकसलो, आधी का नाही बोललास? तर म्हणे, मालकाने शोभेसाठी सांगितल्या असतील असं वाटलं. मग आम्ही चार दिवस ती मेर फोडली. माणसाने इतकी मजबूत बांधू नये.

रस्ता मोकळा झाला. दारं बसली, सुरेख बसली. रजाही मंजूर झाली : बुधवारपासून. लग्न त्याच्या आधीच्या रविवारी. अशरफच्या मी हातापाया पडलो. तो म्हणाला, ऑफिसने तारीख टाकली, आता बदलत नाही. तुमचा राग आला आहे, त्याचा आला आहे, आणि सगळ्यात जास्त माझाच आला आहे. पंधरा वर्षं लोकांच्या घरांना दारं लावली आणि स्वतःच्या पोरीच्या लग्नाला दारात नाही.

आक्काला नमस्कार. तुम्हालाही करायचा म्हणून करतो.

आपला,
महादेव

ता. क. एवढं सगळं लिहिलं ते वेगळंच सांगायचं होतं म्हणून. कन्यादानाला माझ्या जागी तुम्ही आणि आक्काने बसावं. दुसऱ्या कोणाच्या हातात माझ्या मुलीचा हात द्यायला माझा जीव होत नाही.

ता. क. दुसरा : दर्शनाला यातलं काही कळू देऊ नका. कंपनीने अडवलं म्हणून सांगा. तुम्हाला ती फार मानते, ते तसंच राहू दे.

ता. क. तिसरा : पाठवणीच्या वेळी तुम्ही रडायचं नाही. बाप मी आहे. फोन लावून तिच्या कानाला द्या आणि बाजूला व्हा.