नववा तुझा

रेजिना
२१ फेब्रुवारी २०१०

प्रिय दादा,

जयभीम. स्पेलिंगला हसू नकोस. मराठी टायपिंग मला नवीन आहे, एकेक अक्षर शोधून दाबतेय. "ळ" सापडायलाच दहा मिनिटं गेली.

तू बरा असशील. ऑलिम्पिक तुमच्या शेजारीच चालू आहे, कोक्विटलामलाही गर्दी असेल ना? इथे उणे अठ्ठावीस. रोज ड्राइव्हवेवरचा बर्फ मीच शोव्हल करते. शाळा सोडलीच आहेस तर तेवढं तरी कर, असं आई म्हणते. आई मजेत. बाबा म्हणजे ऑफिस, टीव्ही, ऑफिस.

बेसमेंट रिकामं आहे. इतकी वर्षं खाली भाड्याने राहिला आणि आता अन्सेल्मो नाही. दादा, तो वीस जानेवारीला हॉस्पिटलमध्ये गेला. गेला म्हणजे वारला. हार्ट. महिना झाला. तुला कळवायचं काम माझ्याकडे होतं. मी आईला सांगून टाकलं, कळवलं म्हणून.

त्याची वही माझ्याकडे आहे. सतरा सीझन फुटबॉल खेळला तो, सगळे गोल पेननी लिहिलेत. तारीख, गाव, कितवं मिनिट. सगळे डाव्या पायाचे. "राइट फूट इज फॉर द बस," म्हणायचा, आठवतं? शेवटच्या पानावर स्पेनच्या पहिल्या डिव्हिजनमधला त्याचा एकुलता एक सीझन. आठ गोल. खाली ९ लिहिलंय आणि पुढे कोरं. ती पेनल्टी. पळत आला, गुडघा फिरला, बॉल बारवरून गेला. परत कधी खेळलाच नाही. म्हणून तर रोज चार वाजता खालच्या भिंतीवर आठ किक स्वतः मारायचा आणि "नाइन इज युअर्स" म्हणून नववी तुला द्यायचा. तुझं नावच त्याने "नऊ" पाडलं.

मराठी त्याला दोनच शब्द यायचे. नऊ आणि येतो. येतो बाबांनी शिकवलेला. "निघताना जातो नाही म्हणायचं. शकुन-बिकुन आपण मानत नाही हं, पण ऐकायला बरं वाटतं." तू युनिव्हर्सिटी सोडून खेळायला निघालास, त्या दिवशी बाबांवर ओरडून म्हणालास, "जातो." अन्सेल्मो जिन्यात उभा होता. मला विचारलं, "व्हाय ही सेड द अदर वर्ड?" मी वर निघून गेले. मी कधी बोलते?

आता घाबरू नकोस. रोज चार वाजता खालून आवाज येतो. धप्प. धप्प. आठ वेळा. मग एकदम शांत. पण ती रिकामी शांतता नाही, कुणीतरी बाजूला होऊन उभं आहे अशी.

आई म्हणाली हीटिंगचं फर्नेस. फर्नेसवाला बघून गेला, काही नाही. बाबा म्हणाले, "भूत-बित नसतं, कल्याणी. आपल्या घरात असलं बोलायचं नाही." पण मागच्या शनिवारी बाबाच जिन्यावर बसून बोटांवर मोजत होते. आठ झाले तरी उठले नाहीत. म्हणाले, "त्याला सुट्टी कधी असते?" तुझं नाव नाही घेतलं.

काल मी खाली गेले. आठवा धप्प झाला आणि ड्रायरच्या मागून बॉल घरंगळत आला, माझ्या पायाशी थांबला. दादा, तो बॉल तू गेल्यापासून गॅरेजमध्ये पडला होता, हवा गेलेला. हात लावला तर टणक. आणि गरम, आत्ता खेळून ठेवल्यासारखा. मी पाय मागे घेतला. नववा माझा नाही.

आता खरं लिहिते. वीस जानेवारीला घरी मी एकटीच होते. अन्सेल्मो सोफ्यावर, घामाने भिजलेला. अँब्युलन्ससाठी ९११ला फोन मी केला, तेवढा केला. मग तो म्हणाला, "कॉल नऊ." मी तुझा नंबर दाबत गेले, शेवटचा आकडा दाबला नाही. तू चिडलास तर, मी रडले तर. फोन कानाला लावून नुसती उभी राहिले.

त्याने विचारलं, "नऊ येतो?"

मी म्हणाले, "येतो."

तो हसला. स्ट्रेचरवरून नेताना माझ्याकडे बघून म्हणाला, "येतो." आता तो निरोप घेत होता का माझंच वाक्य परत म्हणत होता, मला कळत नाही. रोज चार वाजता वाटतं, दोन्ही.

चार वाजायला वीस मिनिटं आहेत, म्हणून पाठवतेय. बॉल जिथे थांबला तिथेच ठेवलाय. मी त्याला खोटं सांगितलं, दादा. तू येऊन ते खरं कर.

तुझीच,
कल्याणी

ता.क. शेजारच्यांच्या मांजरीला पाच पिल्लं झाली. एक आपल्याला देणारेत. बाबा हो म्हणाले. बाबा!